मागच्या बाकावरून मंत्र्याकडून तारीख कशी काढावी

महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य, आणि घटनेतल्या १५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे मंत्री जास्तीत जास्त ४३. म्हणजे मंत्रिपद नसलेले आमदार किमान २४५. त्यांच्या भाषणाचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर ठरतो, नाव प्रतोद (पक्षाच्या आमदारांना सभागृहातले आदेश देणारा) देतो, आणि पाळी येईपर्यंत बाके रिकामी होऊन तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या जागी तात्पुरते बसलेले सदस्य) ‘दोन मिनिटांत आटपा’ म्हणत असतात. तेव्हा गाजणाऱ्या भाषणाच्या मागे लागू नका. सभागृहातून बाहेर पडताना हातात तारीख, आकडा किंवा जबाबदार अधिकाऱ्याचे पद यांपैकी एक तरी हवे. पुढची कृती नव्या आमदारासाठी आहे. त्याच्या पीएसाठी तर जास्तच.

आधी खाते, मग कागद

बरेच प्रश्न चुकीच्या खात्याच्या नावाने गेल्यामुळे वाया जातात. रस्ता खराब आहे एवढे पुरत नाही, त्याचा दर्जा पाहा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणून प्रश्न ग्रामविकास मंत्र्यांना. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा विषय, तिथे प्रश्नाची सूचना नाकारली जाण्याचा धोका मोठा. पाझर तलाव किंवा बंधारा असेल तर सिंचनक्षमता विचारा: १०० हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, ६०० पर्यंत मृद व जलसंधारण, त्यावर जलसंपदा. शाखा अभियंत्याला एक फोन केला की हे कळते, पण तो फोन सूचना देण्यापूर्वी करायचा असतो.

मग कागद गोळा करा: शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, प्रशासकीय मान्यतेची प्रत, अर्थसंकल्पातले लेखाशीर्ष (खर्च ज्या सांकेतिक क्रमांकाखाली दाखवतात तो). माहिती अधिकारात ३० दिवस जातात, त्यामुळे अर्ज अधिवेशनाच्या दोन महिने आधी पडलेला हवा. वर्तमानपत्रातले कात्रण हा पुरावा नव्हे. खाते ‘बातमी वस्तुस्थितीला धरून नाही’ असे एका ओळीत लिहून मोकळे होते.

‘हे खरे आहे काय’ चा सापळा

तारांकित प्रश्नाचा (ज्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचे असते) साचा ठरलेला आहे. पहिल्या उपप्रश्नात ‘हे खरे आहे काय’, दुसऱ्यापासून ‘असल्यास’, शेवटी विलंबाची कारणे. नवखा आमदार पहिल्याच उपप्रश्नात सगळे कोंबतो: पदे रिक्त आहेत, यंत्रे बंद आहेत, औषधे नाहीत, रुग्णांची गैरसोय होते आहे. यातली एक गोष्ट चुकीची निघाली, समजा महिन्यापूर्वी यंत्र दुरुस्त झाले, की उत्तर येते ‘हे खरे नाही’. खाली ‘असल्यास’ने लोंबकळणाऱ्या सगळ्या उपप्रश्नांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. छापील यादीत चार ओळींत विषय संपला.

त्यावर उपाय सोपा आहे. पहिल्या उपप्रश्नात एकच गोष्ट ठेवा, तीही कागदाने सिद्ध होणारी. निदान दोन उपप्रश्न ‘असल्यास’शिवाय, स्वतःच्या पायांवर उभे ठेवा. उदाहरणार्थ:

(१) अमुक उपजिल्हा रुग्णालयातील भूलतज्ज्ञाचे पद दिनांक अमुकपासून रिक्त आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, या कालावधीत शस्त्रक्रियेसाठी किती रुग्णांना जिल्हा रुग्णालयात पाठवण्यात आले;
(३) सदर रुग्णालयातील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची संवर्गनिहाय सद्यःस्थिती काय आहे;
(४) रिक्त पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येणार आहेत?

पहिल्याला ‘नाही’ आले तरी तिसऱ्याला आकडे द्यावेच लागतात. ‘लवकरात लवकर’, ‘तातडीने’, ‘योग्य ती’ हे शब्द प्रश्नात वापरूच नका. वापरले की उत्तरातही तेच परत येतात.

प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले पहिले मोजकेच प्रश्न तोंडी होतात. बाकीच्यांची उत्तरे पटलावर (सभागृहाच्या अधिकृत नोंदीत) ठेवली जातात, आणि पटलावरचे उत्तरही तितकेच अधिकृत असते. म्हणून क्रमांक मागे लागला तरी छापील उत्तर वाचून फाइलला लावा. क्रमांक पुढे असेल तर प्रश्न पुकारताना जागेवर हजर राहा. चहाला गेलेल्या सदस्याचा प्रश्न गेला की गेला.

छापील उत्तरावर उभे राहून विचारायचा तोंडी उपप्रश्न एका वाक्याचा असावा. उत्तर आदल्या दिवशी मिळाले तर तीन उपप्रश्न लिहून ठेवा: मंत्र्यांनी मान्य केले तर कोणता, नाकारले तर कोणता, टोलवले तर कोणता. ‘अंशतः खरे आहे’ असे छापून आले असेल तर विचारा, ‘कोणता अंश खरा आणि कोणता खोटा?’ हा प्रश्न जवळजवळ दर वेळी चालतो, कारण टिप्पणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याने मंत्र्यांना तेवढे समजावलेले नसते. प्रस्तावना सुरू केली की अध्यक्ष ‘प्रश्न विचारा’ म्हणतात आणि तुमचे वीस सेकंद तिथेच जातात.

लक्षवेधी आणि बाकीची आयुधे (विषय मांडण्याचे नियमातले मार्ग)

नियम १०५ ची लक्षवेधी (मंत्र्यांचे लक्ष एखाद्या विषयाकडे वेधणारी सूचना) ताज्या, एकाच आणि तातडीच्या विषयाला चालते. दहा वर्षांच्या जुन्या दुखण्याला चालत नाही. जुनेच दुखणे मांडायचे असेल तर त्यातली अलीकडची घटना शोधा: पूल वीस वर्षे मोडका असेल, पण गेल्या पंधरवड्यात तो वाहतुकीला बंद केला. लक्षवेधीवर मंत्र्यांचे छापील निवेदन येते. ते बोलण्याआधी पेन्सिलने वाचा आणि ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ या ओळींखाली खुणा करा. प्रश्न तिथेच विचारायचा: प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयातून, सध्या कोणाच्या टेबलावर?

प्रश्नाच्या उत्तराने समाधान झाले नाही तर नियम ९४ ची अर्धा तास चर्चा मागता येते. नियम २९३ ची चर्चा (विधान परिषदेत नियम २६०) मोठ्या विषयाची असते आणि तिथे पुढच्या बाकांचे राज्य. मागच्या बाकाने त्यात पाच मिनिटांत एकच मुद्दा मांडावा. औचित्याचा मुद्दा (एखादा विषय थोडक्यात सभागृहापुढे ठेवणे) मांडून लगेच उत्तर मिळत नाही, फक्त नोंद होते. मतदारसंघात दाखवायला त्याचा उपयोग असेल, काम व्हायला फारसा नाही.

अर्थसंकल्पातल्या खात्यांच्या मागण्यांवरील चर्चेत पाच मिनिटे म्हणजे सावकाश मराठीत साडेपाचशे ते सहाशे शब्द. त्यातले पहिले दोनशे अभिनंदनात आणि शेरोशायरीत घालवण्याची परंपरा आहे. ती मोडली तर कोणी रागवत नाही. सुरुवात मागणी क्रमांक आणि लेखाशीर्षाने करा, लगेच तरतूद किती, खर्च किती. पुरवणी मागण्यांवर (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा निधीवर) बोलताना पुस्तिकेत जी बाब आहे तेवढ्यावरच बोला, नाही तर हरकतीचा मुद्दा (नियमभंगाचा आक्षेप) येतो. कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करण्याची सूचना) मंजूर होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण १०० रुपयांच्या लाक्षणिक कपातीने विशिष्ट तक्रार विभागाच्या कागदावर जाते, म्हणून ती द्यावी.

सभागृहात हजर नसलेल्या माणसाचे नाव घेऊन आरोप, न्यायप्रविष्ट विषय, आगाऊ लेखी सूचना न देता सदस्यावर ठपका: यामुळे वाक्ये कामकाजातून काढली जातात. अनुच्छेद १९४ चे संरक्षण सभागृहात बोललेल्याला आहे. तेच बाहेर माध्यमांच्या माइकसमोर बोललात तर मानहानीचा दावा होऊ शकतो.

समितीत

खरे काम समितीत होते. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, आश्वासन (मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली का ते पाहणारी) या समित्यांच्या बैठकांना पत्रकार नसतात, त्यामुळे पक्षाचा आवेशही नसतो. समोर साक्षीला विभागाचे सचिव असतात.

लोकलेखा समितीत महालेखापरीक्षकांच्या अहवालातला एकच परिच्छेद घ्या आणि कागदावर तीन रकाने आखा: आक्षेप, विभागाचे स्पष्टीकरण, उरलेला प्रश्न. ‘याला जबाबदार कोण?’ असे विचारले की ‘चौकशी करून कळवतो’ हेच येणार. त्याऐवजी तारखा ओळीने मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मापन पुस्तिकेतली शेवटची नोंद, अंतिम देयक. मान्यतेआधी कार्यादेश किंवा मोजमापाआधी देयक निघाले असेल तर तारखांच्या रांगेतच ते उघडे पडते, सचिवांनी काही कबूल करण्याची गरज राहत नाही.

पंचायत राज समितीचा दौरा साधारण तीन दिवसांचा. जिल्हा परिषदेने रंगवून ठेवलेली शाळा आणि मांडव घातलेली ग्रामपंचायत दाखवली जाते. गावांची निवड आदल्या संध्याकाळी समितीने स्वतः करावी, आणि निघाल्यावर मुख्य रस्ता सोडून आतल्या एका गावात वळावे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे प्रलंबित आक्षेप आधी वाचलेले हवेत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या साक्षीत ‘उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला) कधी दिले’ आणि ‘वसुली किती झाली’ हे दोन प्रश्न चुकवू नका. यजमानांचा पाहुणचार आणि भेटवस्तू नाकारा. त्या घेतल्यावर साक्षीतला आवाज बसतो. समितीतली चर्चा अहवाल सभागृहात मांडेपर्यंत बाहेर न्यायची नाही, नाही तर हक्कभंग.

अधिवेशन संपल्यावर

प्रतिवेदकांकडून (सभागृहातले बोलणे टिपून घेणाऱ्यांकडून) आपल्या भाषणाची आणि मंत्र्यांच्या उत्तराची असुधारित प्रत घ्या. दुरुस्ती फक्त आकडे, नावे, व्याकरण यांची. आशय बदलता येत नाही. मंत्र्यांचे नेमके शब्द अधोरेखित करा. ‘तपासून घेतो’ हे आश्वासन फार सैल असते. ‘निर्णय घेण्यात येईल’ त्याहून बरे. ‘अधिवेशन संपण्यापूर्वी बैठक लावतो’ ला तारीख जोडलेली असते म्हणून ते सर्वांत बरे. आठवड्याच्या आत मंत्र्यांना पत्र टाका: दिनांक, आयुधाचा प्रकार, उत्तरातले वाक्य अवतरणात, आणि काय प्रलंबित ते. प्रत विभागाच्या सचिवांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि आश्वासन समितीकडे.

पीएने वहीत पाच रकाने ठेवावेत: विषय, आयुध, उत्तराची तारीख, दिलेले आश्वासन, पुढचे पत्र. डिसेंबरमध्ये नागपूरला जाताना ही वही आधी बॅगेत टाका. हिवाळी अधिवेशन छोटे असते, आणि मार्चमधल्या उत्तराची आठवण करून देणारा पहिला प्रश्न तिथेच लावायचा असतो.