डॅशबोर्डचे काटे नाचत होते, दोष अर्थिंगचा निघाला

नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीत हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा काटा एकदम वर चढायचा. इंडिकेटर दिला की मीटरमधले दिवे त्याच तालात मंद व्हायचे. अख्खा मीटर बदला, असा सल्ला मिळाला. मला तो पटला नाही. इतक्या गोष्टी एकदम बिघडत नसतात. त्यांच्यात सामाईक असते ती अर्थची वायर, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी वायर.

फ्यूज ठीक होते. बॅटरी इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, चालू असताना 14.2, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही बरा. मग हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन मीटरच्या अर्थ वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे 0.1 व्होल्टच्या आत यायला हवं, आलं 1 च्या वर! डॅशबोर्डखाली बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट सापडला. वायरच्या टोकाची धातूची कडी (लग) हिरवट पडलेली, खालचा पत्रा गंजलेला. बॅटरीची निगेटिव्ह काढून दोन्ही चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. काटे तेव्हापासून जागेवर आहेत.

एअरबॅगचा दिवा मात्र अजून लागतो. त्या पिवळ्या कनेक्टरांना मल्टिमीटर अजिबात लावू नका, एअरबॅग उडू शकते. ते काम गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर असलेला मेकॅनिकच करणार.