युरेनिलचा गॅमा काढायचाय? आधी मोलॅलिटी नीट लावा

हवा लागलेल्या आम्लधर्मी द्रावणात युरेनियम मुख्यतः युरेनिल आयन म्हणून असतं, चार्ज +२, आणि गॅमाच्या, म्हणजे ॲक्टिव्हिटी कोइफिशंटच्या (आयन द्रावणात प्रत्यक्षात किती प्रभावी वागतो ते सांगणारा गुणक) फॉर्म्युल्यात चार्जचा वर्ग येतो, त्यामुळे सोडियमच्या बाबतीत जे खपून जातं ते इथे खपत नाही.

गॅमा काढायला बरेच जण आधी डेव्हिसचं समीकरण उचलतात. पातळ द्रावणाला ठीक आहे, पण समोर परक्लोरेट आहे का क्लोराइड हे त्याला कळतच नाही, म्हणून मीठ वाढलं की सरळ एसआयटी (स्पेसिफिक आयन इंटरॲक्शन थिअरी, यात प्रत्येक आयन-जोडीचा वेगळा आकडा असतो) वापरा. २५ अंशाला:

लॉग गॅमा = एप्सिलॉन × मोलॅलिटी − ४डी
डी = ०.५०९√आय ÷ (१ + १.५√आय)

मोलॅलिटी म्हणजे किलो पाण्यामागे मिठाचे मोल, एप्सिलॉन म्हणजे त्या आयन-जोडीचा आकडा, ४ म्हणजे चार्जचा वर्ग, आय म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणात एकूण किती आयन-चार्ज आहे त्याचं माप), आणि युरेनियम अगदी थोडं असेल तर सोडियम परक्लोरेटसाठी ती मिठाच्या मोलॅलिटीएवढीच धरा. युरेनिल-परक्लोरेटचा एप्सिलॉन ०.४६.

आता ३ मोलर सोडियम परक्लोरेट घ्या, कारण घोळ इथेच होतो. लिटरमागे ३ मोल म्हणजे किलो पाण्यामागे ३.५ मोल, आणि फॉर्म्युल्याला हवंय ते किलोवालं. ३.५ टाका: १.६१ − १.००, म्हणजे लॉग ०.६१, गॅमा ४.१. चुकून ३ टाकलंत तर गॅमा २.५ येतो, एवढा फरक एका आकड्याने पडतो हो!

आणि मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात जास्तच जपा. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, जुलैत बाटली दहा मिनिटं उघडी राहिली की चमच्याला चिकटायला लागतं, मग तुम्ही वजन करताय ते मीठ किती आणि पाणी किती? डेसिकेटरमधून काढा, पटकन तोला, झाकण लावा. लेबलवर मोनोहायड्रेट आहे का तेही बघा, त्यात जवळजवळ १३ टक्के पाणीच असतं.

क्लोराइडमध्ये वेगळीच भानगड आहे. तिथे एप्सिलॉन ०.२१ दिलेला सापडतो, पण त्या आकड्यात युरेनिल-क्लोराइडची हलकी जोडी (कॉम्प्लेक्स) आधीच धरलेली आहे. म्हणून एक तर ०.२१ घ्या आणि कॉम्प्लेक्स सोडा, नाहीतर कॉम्प्लेक्स वेगळा लिहा आणि एप्सिलॉन ०.४६ ठेवा. दोन्ही एकत्र केलंत तर एकच परिणाम दोनदा मोजला जातो, आणि उत्तर दिसायला ठीकच दिसतं म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

साधारण ३.५ मोललच्या वर पिट्झरच्या समीकरणांकडे (जास्त खारट द्रावणांसाठीचं मॉडेल) जा. फ्रीक्यूसी (PHREEQC, असली गणितं करणारा संगणक प्रोग्रॅम) वापरत असाल तर एसआयटीचा डेटाबेस निवडा, त्याच्या पिट्झरच्या फाइलमध्ये युरेनियम नाहीये. मोठा रन लावायच्या आधी १ मोलल परक्लोरेटचा गॅमा हाताने काढून जुळवा, ०.४४ यायला पाहिजे.