रंगाआधी टाकी
जुनी मोटारसायकल कमी खर्चात पुन्हा उभी करायची तर पैसे आधी रंगावर नको, गंजलेल्या टाकीवर लावा. टाकी उतरवून पेट्रोल पूर्ण काढा, पेट्रोल कॉकचे (टाकीखालच्या तोटीचे) भोक बुचाने बंद करा. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या किराणा दुकानातून लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) आणा; लिटरभर कोमट पाण्याला 100 ग्रॅम. टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून लगेच वाळवा, ओली राहिली की गंज पुन्हा धरतो. गंजाचे कण राहिले तर कार्ब्युरेटरचा पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तुंबतो आणि गाडी आयडलिंगला बंद पडते. जेटमध्ये तार मात्र घालू नका, भोक मोठे होते. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब पुरे. रंग बदललात तर आरटीओत आरसीवर नोंद हवीच.