लेबलं छापायच्या आधी सगळ्यात लांब पत्ता शोधा

मागच्या खेपेला मी १४० लेबलं छापली. स्क्रीनवर पहिलं लेबल बघितलं, छान दिसलं, प्रिंट दाबून मोकळी झाले. पहिला पत्ता चार ओळींचा होता. यादीत पुढे कुठेतरी सहा ओळींचे अकरा पत्ते बसले होते आणि त्या अकराही लेबलांवरची सहावी ओळ गायब झाली. सहावी ओळ म्हणजे गाव आणि पिनकोड! अर्धवट कापलेलं अक्षरसुद्धा दिसत नव्हतं, त्यामुळे चिकटवताना माझ्या काहीच लक्षात आलं नाही. पार्सलं परत यायला लागली तेव्हा कळलं.

म्हणून ही तयारी. प्रिंटरला शाई आहे का, कागद आहे का, हे मी सांगणार नाही. तेवढं तुम्ही बघालच.

सुरुवात यादीपासून. पत्ते एक्सेलमध्ये असतील तर पिनकोडचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर शून्याने सुरू होणाऱ्या परदेशी कोडातलं शून्य उडतं. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) करून दुसरीकडे न्यायची असेल तर ती यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे देवनागरी सांभाळणाऱ्या साठवण-पद्धतीत ठेवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. पत्त्यातल्या स्वल्पविरामांनी रकाने फुटतात, तेही एकदा डोळ्यांखालून घाला. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यात लांब पत्ता शोधा. पहिला नाही, तुमचा स्वतःचा नाही, सगळ्यात लांब. पत्त्याशेजारी एक रिकामा रकाना घ्या, त्यात अक्षरं मोजणारं ‘लेन’ हे सूत्र टाका आणि मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावा. वरचे पाच पत्ते वेगळे काढा. इथे एक गंमत आहे. देवनागरीत हे सूत्र मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरातला हलन्तसुद्धा वेगळा मोजतं. ‘किल्ला’ आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, सूत्र सहा सांगतं. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी पत्ते एकाच यादीत असतील तर दोघांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. दोन्हींतले पाच-पाच वेगळे काढा.

शिवाय लांब म्हणजे फक्त जास्त अक्षरांचा नव्हे. जास्त ओळींचा पत्ता वेगळा, आणि ज्यात एकच शब्द अवाढव्य आहे तो पत्ता वेगळा. कुणीतरी इमारतीचं आणि सोसायटीचं नाव मध्ये जागा न सोडता लिहिलेलं असतं. तो शब्द तुटत नाही, मग लेबलाच्या उजव्या कडेबाहेर जातो किंवा भलत्याच ठिकाणी तुटतो. तोही चाचणीत घ्या. तिन्ही प्रकारचे घ्या. मी एकही घेतला नव्हता.

मग जागेचा हिशोब, जो छापायच्या आधी कागदावर होतो. ए-फोर कागदावर २१ लेबलं येतात ती ६३.५ बाय ३८.१ मिलिमीटरची. वर-खाली तीन-तीन मिलिमीटर सोडले तर उरतात ३२. बारा पॉइंटांचं ओळींमधलं अंतर म्हणजे साधारण ४.२ मिलिमीटर, म्हणजे इंग्रजी मजकूर सात ओळी बसतो. मराठीत हे गणित चालत नाही. मंगलसारखा फॉन्ट मुळात ऐसपैस पसरतो, दहा पॉइंटांतसुद्धा जेमतेम पाच ओळी होतात. माझी सहावी ओळ कुठे गेली ते आता कळलं असेल. वर्डमधलं लेबल म्हणजे एक तक्ता असतो आणि त्याच्या चौकटीची उंची पक्की बांधलेली असते. मजकूर जास्त झाला तर चौकट वाढत नाही, मजकूर दिसेनासा होतो. इशारा येत नाही.

यावर लोक करतात तो पहिला उपाय म्हणजे ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’वर टाकून आवळणं. मराठीत करू नका. वरचे रफार आणि वेलांट्या छाटल्या जातात, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. दुसरा उपाय, अक्षर लहान करत नेणं. आठ पॉइंटांच्या खाली मी जात नाही. पत्ता वाचणारा माणूस घाईत आणि अंधुक उजेडात असतो. त्यापेक्षा इंग्रजी पत्त्याला अरुंद फॉन्ट द्या. एरियल नॅरो हा साध्या एरियलपेक्षा जवळजवळ अठरा टक्के कमी रुंदी घेतो. आणि सगळी अक्षरं कॅपिटल असतील तर ती आधी साधी करा, तिथेच बरीच जागा सुटते. सगळ्यात सोपा उपाय कुणाला सुचत नाही: मोठं लेबल घ्या. कागदावर आठच येतात ती ९९.१ बाय ६७.७ ची असतात. पाच लांब पत्त्यांसाठी उरलेल्या सगळ्यांचं अक्षर बारीक करण्यापेक्षा ते पाच वेगळ्या कागदावर छापा.

तरीही कापायची वेळ आली तर पिनकोड, घर क्रमांक आणि फोन यांना हात लावू नका. दोनदा आलेलं गावाचं नाव काढा, ‘पाण्याच्या टाकीच्या मागच्या गल्लीत’ हे ‘टाकीमागे’ करा, अपार्टमेंटचं ‘अपा.’ चालतं. ‘फ्लॅट क्र.’ एका ओळीत आणि आकडा पुढच्या ओळीत असं होऊ देऊ नका; मधे कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबून न तुटणारी जागा टाका. कुरिअरच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता भरत असाल तर तिथली मर्यादा आधी बघा, अनेक ठिकाणी एका ओळीला ३५ अक्षरंच मिळतात आणि पुढची कधी कधी निमूटपणे कापली जातात. निमूटपणे, हाच शब्द. म्हणून पुन्हा सांगते, लांब पत्ता आधी भरून बघा, आणि भरलेला नव्हे, छापून आलेला बघा.

चाचणी साध्या कागदावर. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ असेल तर काढा, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के ठेवा, नाहीतर सगळी लेबलं थोडी आक्रसतात आणि खालच्या रांगेपर्यंत सरकत जातात. छापलेला कागद लेबलांच्या कागदावर ठेवून उजेडासमोर धरा. आणि मग मूळ पत्ता हातात घेऊन शेवटची ओळ बोटाने वाचा. पहिली नाही. पहिली कधीच गायब होत नसते, जाते ती शेवटची.

अर्धी लेबलं काढलेला कागद लेझर प्रिंटरमध्ये परत घालू नका, उरलेलं लेबल आत उष्णतेनं सुटून रोलरला चिकटतं. थर्मल प्रिंटर (उष्णतेने छापणारा) असेल तर रोल बदलल्यावर कॅलिब्रेट करा, म्हणजे नव्या लेबलाचं माप त्याला ओळखू द्या. त्याच्यातच बसवलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसते, मराठी पत्ता चित्र म्हणून पाठवावा लागतो. २०३ डीपीआय, म्हणजे इंचाला २०३ ठिपके, म्हणजे मिलिमीटरला आठच, बारीक जोडाक्षरं चिखल होतात, तिथे अक्षर मोठंच ठेवा. बारकोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा पत्त्याने भरू नका.

चिकटवताना लेबल खोक्याच्या कडेवरून दुमडू नका. बारकोडवर चकाकणारी चिकटपट्टी नको. थर्मल लेबलांचा गठ्ठा उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका, काळा पडतो किंवा पुसट होतो.

गठ्ठा पाठवायच्या आधी त्या पाच लांब पत्त्यांची पार्सलं बाजूला काढून आणखी एकदा बघा. हो, आणखी एकदा.