ट्रॅक डेसाठी घरच्या घरी सामान बनवताय? या चुका टाळा

ट्रॅक डे म्हणजे फी भरून आपली बाईक रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. पुण्याहून त्याला जायचं म्हणजे बहुतेक वेळा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक नाहीतर कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे, दोन्ही हजार-बाराशे किलोमीटर लांब. म्हणजे फी, टेम्पोचं भाडं, टायर, राहणं-खाणं, आणि त्यात परत स्टँड घ्या, टूल घ्या म्हटलं की पोरं बेतच रद्द करतात. म्हणून घरी बनवा, जरूर बनवा, नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घाला. पण काय बनवायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवा. माझा हिशोब असा आहे की जे अंगाला वाचवतं ते विकतचंच घ्यायचं, जे तुटून किंवा सांडून मागच्याच्या चाकाखाली जाऊ शकतं ते बनवलं तरी सामान चांगलंच वापरायचं, आणि बाकी सगळं बिनधास्त बनवायचं.

पॅडॉक स्टँड

मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी ठेवणारा हा स्टँड सगळे पहिल्यांदा बनवतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मी पहिला स्टँड केला तो घरी पडलेल्या खुर्चीच्या पातळ पाईपचा. गाडी छान उचलली गेली, दोन सेशन (ट्रॅकवर गाडी पळवायच्या पाळ्या) काढले, आणि तिसऱ्याच्या आधी चेनला ल्यूब मारताना हँडलजवळचा बेंड चिमटला आणि माझी यामाहा आर१५ उजव्या अंगावर पडली. ब्रेक लिव्हर तुटला, स्पेअर नव्हता, अर्धा दिवस बसून काढला. एवढ्या लांब जाऊन बसून राहायचं दुःख वेगळंच असतं. म्हणून सव्वा इंची एमएस म्हणजे माइल्ड स्टीलचा पाईप घ्या, जाडी निदान २ मिमी, आणि वेल्ड चारी बाजूंनी मारून घ्या, नुसते टाके मारून ग्राइंडरने गुळगुळीत करून दिलं तर घेऊ नका.

दुसरी तक्रार नेहमीची, स्टँड दाबला की गाडी उचलते पण हात सोडला की हँडल उसळून वर येतं. याचं कारण पाईप नाही, माप आहे. स्टँड पूर्ण खाली गेल्यावर गाडी जिथे टेकते ते हूक स्टँडच्या चाकांच्या सरळ वर येऊन आणखी एक-दोन इंच हँडलच्या बाजूला गेलेले पाहिजेत, मग गाडीचं वजनच हँडल जमिनीवर दाबून धरतं. हूक त्या उभ्या रेषेच्या अलीकडेच थांबले तर तेच वजन स्टँड उलटा ढकलतं. वेल्ड करायच्या आधी टाके मारून गाडीवर लावून बघा, आणि बघताना एक माणूस गाडी धरायला हवाच.

स्पूल, म्हणजे स्टँडचे हूक ज्यात अडकतात ती बोंडं, लेथवाल्याकडून नायलॉनचे काढून घेता येतात, मस्त चालतात, फक्त स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) ६, ८ की १० मिमीचा बोल्ट बसतो ते आधी बघा. जबरदस्तीने दुसरा बोल्ट फिरवून स्विंगआर्मचे आटे घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

सेफ्टी वायर

सेफ्टी वायर म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून ओवून बांधलेली तार. बऱ्याच ठिकाणी ऑइल ड्रेन बोल्ट आणि फिल्टरला ती मागतात, आणि नाही मागितली तरी मारा. ऑइल सांडलं तर पडणारा तुम्ही नसता, मागून येणारा असतो. इथली ठरलेली चूक म्हणजे सळया बांधायची बाइंडिंग वायर. ती मऊ असते, गंजते आणि दोनदा वाकवली की तुटते. स्टेनलेसची ०.८ मिमी घ्या, एक रीळ पूर्ण सीझन पुरतं. बोल्टच्या डोक्याला दीड मिमीचं भोक पाडायला गेलं की बिट मोडतो म्हणून लोक कंटाळतात. आधी सेंटर पंच मारा, ड्रिल सावकाश फिरवा, तेलाचे थेंब सोडत राहा, आणि दोन-तीन जास्तीचे बिट घेऊनच बसा. भोक डोक्यातच पाडायचं, दांड्यात नाही. वायर बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेला ओढत असली पाहिजे, हे उलटं झालेलं मी इतक्या गाड्यांवर बघितलंय की आता बाजूच्या गाडीवर पण नजर टाकतो. उलट्या बाजूने बांधलेली वायर नुसती शोभेची, बोल्ट ढिला होताना ती पण सैल पडते. आणि एकदा काढलेली वायर परत वापरू नका, फेकून द्या.

टेप आणि हेडलाइट

गाडी पडली तर तुकडे ट्रॅकवर पसरू नयेत म्हणून काच, इंडिकेटर, चाकावरची बॅलन्सिंगची वजनं सगळं टेपने झाकायचं, सोपं काम. पण एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचा स्विचच नाही, इंजिन चालू की लाइट चालू. हॅलोजनवर टेप मारून वीस मिनिटं गाडी पळवली की गोंद वितळून काचेवर बसतो आणि टेपमागे कोंडलेली उष्णता काच खराब करते ते वेगळंच. टेप मारायच्या आधी हेडलाइटचा कपलर (वायरचा प्लग) काढा, दोन मिनिटांचं काम आहे. पॅकिंगचा ब्राउन टेप नको, निघताना रंग घेऊन निघतो. खाली मास्किंग टेप, वर इलेक्ट्रिकलचा.

नी स्लायडर

नी स्लायडर म्हणजे वळणावर गुडघा ट्रॅकला टेकतो तिथे सूटवर लावायचा तुकडा. जुन्या काळी रेसर लोक गुडघ्यावर हेल्मेटच्या जुन्या काचेचे तुकडे टेपने चिकटवायचे, म्हणजे हा घरी बनवायचा उद्योग नवा नाही. भाजी कापायचा पांढरा प्लास्टिकचा जाड बोर्ड असतो ना, त्यातून कापलेले स्लायडर खरंच चांगले चालतात. चूक होते ती कडांमध्ये. कड धारदार ठेवली तर कर्बच्या (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीच्या) सांध्यात अडकते आणि गुडघा पिळला जातो, त्यामुळे सगळ्या बाजू कानशीने गोल करा. पीव्हीसी पाईपचे तुकडे वापरू नका, गरम झाले की मऊ पडून चिकटतात. धातू तर अजिबात नको. वेल्क्रो नुसता फेविक्विकने लावला तर पहिल्याच दिवशी स्लायडर ट्रॅकवर पडणार, चांगला जाड वेल्क्रो घ्या, बोर्डला स्क्रूने बसवा आणि स्क्रूचं डोकं वेल्क्रोच्या बाजूला आत खोल बुडवा.

टॉर्क रेंच नसेल तर

टॉर्क रेंच म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना. तो नसेल तर, सामानाचं वजन मोजायचा डिजिटल काटा मिळतो ना, प्रवासाला नेतो तो. अर्ध्या मीटरच्या पान्याला काटा अडकवून २० किलोचा ओढ दिला की साधारण ९८ न्यूटन मीटर होतात. मागच्या एक्सलच्या नटसाठी उत्तम. माप मात्र नटच्या मध्यापासून हुकापर्यंत घ्यायचं, पान्याच्या टोकापासून नाही, आणि ओढ पान्याला काटकोनात. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. ब्रेक कॅलिपर किंवा ड्रेन प्लगसारख्या छोट्या बोल्टना ही पद्धत नको, तिथे कुणाचा तरी रेंच मागून घ्या, पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेत) लोक आनंदाने देतात.

याला हात लावू नका

योगा मॅट आणि थर्माकोल कापून बनवलेला बॅक प्रोटेक्टर, असे फोटो दर वर्षी कुणीतरी अभिमानाने दाखवतं आणि मला खरंच भीती वाटते. बॅक प्रोटेक्टरच्या युरोपियन मानकाची, म्हणजे ईएन १६२१-२ ची, लेव्हल २ म्हणजे ५० ज्यूलचा धक्का दिल्यावर पलीकडे सरासरी ९ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर जायला नको, लेव्हल १ ला १८. योगा मॅट याच्या आसपास पण जात नाही, पण पाठीला काहीतरी लावलंय म्हणून माणूस जोरात जातो. पैसे कमी असतील तर सूट सेकंडहँड घ्या, प्रोटेक्टर नवा घ्या. आणि सेकंडहँड सूट उसवला असेल तर साध्या सुती दोऱ्याने शिवून घेऊ नका, बॉन्डेड नायलॉनचा दोरा स्वतः विकत घेऊन मोच्याला द्या आणि दुहेरी शिलाई मारायला सांगा.

घरी बनवलेले टायर वॉर्मर (ट्रॅकवर जायच्या आधी टायर गरम करणारं विजेचं आवरण) पण नको. थर्मोस्टॅट नसलेली हीटिंग वायर टायर एका जागी भाजते, आणि रस्त्याच्या टायरला त्याची गरजच नाही, पहिले दोन लॅप आरामात मारा. त्यापेक्षा स्वतःचा प्रेशर गेज आणि पायाचा पंप न्या, सकाळी एकदा हवा बघून दिवसभर विसरू नका, प्रत्येक सेशननंतर टायर गरम असतानाच बघा.

टेम्पोत गाडी बांधताना

सुती दोरी रस्त्यात सैल पडते. रॅचेट स्ट्रॅप (खटक्याने आवळायचे पट्टे) घ्या, आणि हँडलला गुंडाळायचे लूप भंगारातल्या कारच्या सीटबेल्टचे शिवा, शिलाई भरपूर मारा. साइड स्टँडवर ठेवून बांधू नका, गाडी सरळ उभी करून पुढचे शॉक अर्धे दाबले जातील इतकंच आवळा, पूर्ण दाबून रात्रभर ठेवलं तर सील गळायला लागतात.

लिक्विड कूल्ड गाडी असेल तर कुलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरलेलं असेल, कारण कुलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की भयंकर घसरतं आणि पुसून लवकर जात नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी भरू नका, आत क्षार धरतात. घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात ते पाणी काढून परत कुलंट भरा.