कथा लिहायला शिकताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात कथा लिहू पाहणारे काही कमी नाहीत. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, कथाकथनाला लोक मन लावून बसतात. तरीही पहिल्या-दुसऱ्या कथेवर बरेच जण अडतात. अडण्याची कारणं बहुतेक तीच ती असतात. सगळ्यात मोठं आधी घेऊ.

कथा लिहायला बसलो, लेख लिहून उठलो

आपल्याकडे विषय शोधत फिरावं लागत नाही. दुकानाची पाटी, शाळेचं माध्यम, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, सगळं दारात घडतं. म्हणून नवा लेखक थेट सीमाप्रश्नच हातात घेतो आणि दुसऱ्या परिच्छेदापासून पात्रं भाषण करू लागतात:

‘भाषेच्या अन्यायाने परशराम पुरता पिचून गेला होता. आपल्याच मातीत परके झाल्याची वेदना त्याच्या काळजात सलत होती.’

यात खोटं काही नाही, पण वाचकाला दिसत काहीच नाही. पिचणं, वेदना, सलणं ही लेखकानं काढलेली अनुमानं आहेत. ती ज्यावरून काढली, ती गोष्ट कागदावर आलीच नाही. आता तोच परशराम, हातात जमिनीचा कन्नड उतारा घेऊन, कन्नड शाळेत सहावीला असलेल्या नातीसमोर बसलेला:

‘“माझं नाव कुठं हाय गं यात?”
नातीनं चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. “हे बघ आज्जा.”
त्यानं तिचं बोट हळूच बाजूला केलं आणि तिथं आपला अंगठा ठेवला. बराच वेळ उचलला नाही.’

‘अन्याय’ हा शब्द कुठंही नाही. एक माणूस, एक वस्तू, एक हालचाल एवढंच आहे. नातीला वाचता येतं आणि आजोबांना येत नाही, यात अभिमानही आहे आणि बोचही. लेखकानं त्यातलं एक निवडून सांगितलं असतं, तर दुसरं मेलं असतं.

कथेचा लेख होतोय का, हे तपासायला कच्चा खर्डा घ्या आणि भावनेचं नाव असलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढा: दुःख, संताप, घुसमट, व्यथा. एका पानावर तीनपेक्षा जास्त रेघा आल्या, तर ते पान पुन्हा लिहायचं. रेघ ओढलेल्या शब्दाच्या जागी त्या वेळी पात्राचे हात काय करत होते, ते लिहा.

वाचन होतं, पण पेन्सिलीविना

‘भरपूर वाचतो, तरी लिहिता येत नाही’ ही तक्रार नेहमीची. पुढं काय होतं एवढ्यासाठीच वाचलं, तर कथा आवडते, पण ती बांधली कशी हे कळत नाही. एकच कथा तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा समासात खुणा करा: प्रसंग कुठं बदलला, काळ कुठं उडी मारून गेला, पहिलं बोलणं कितव्या ओळीला आलं, पात्रं किती. (पुस्तक वाचनालयाचं असेल तर खुणा वहीत.) तिसऱ्यांदा त्यातलं एक पान हातानं उतरवून काढा. उतरवताना वाक्यांची लांबी बोटांना कळते. डोळे ती ओलांडून जातात.

आठवड्याला एक कथा अशी वाचली तरी पुष्कळ झालं. या भागातल्या लेखकानं प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा या पद्धतीनं जरूर वाचाव्यात. सांगणारा शाळकरी मुलगा आहे आणि कथा त्याच्या नजरेबाहेर जात नाही. मोठ्यांचं जे त्याला कळत नाही, ते वाचकाला मात्र कळतं. नव्यांच्या कथेत नेमकं उलट होतं: सुरुवात सुनेच्या मनात, तिसऱ्या ओळीला सासूच्या, पुढं रिक्षावाल्याच्याही. एका कथेला एकच नजर ठेवा.

कथाकथन ऐकणं चांगलंच, पण मंचावरची कथा आवाज, हातवारे आणि थांबे यांवर उभी असते. ती जशीच्या तशी कागदावर उतरवली की सपाट पडते.

सगळे पुण्यातले, नाहीतर सगळे बोलीतले

निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत, ही नव्यासाठी सोपी वाट. बोलीची चार-पाच रूपं ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. ‘कुठं चाललास बे?’ म्हणणारं पात्र दोन पानांनी ‘तू कुठे निघाला आहेस?’ म्हणालं, तर वाचक ठेचकाळतो. प्रत्येक शब्द मोडून लिहू नका. चंदगडच्या किंवा कोल्हापूरच्या वाचकालाही पान वाचता आलं पाहिजे. वयानुसार फरक मात्र ठेवा: आजी, कॉलेजातला नातू आणि गुरुजी एकसारखं बोलत नाहीत.

कन्नड वाक्य आलं की त्यामागं कंसात भाषांतर जोडायची सवय सोडा. कंडक्टर ‘एल्लिगे?’ म्हणतो, प्रवासी ‘खानापूर, दोन’ म्हणतो. उत्तरातून प्रश्न समजला. भाषांतर केलं की या भागातलं दोन भाषांचं रोजचं जगणंच पुसलं जातं.

आणि ‘म्हणाला’ हाच शब्द ठेवा. ‘उद्गारला’, ‘वदला’ यांनी बोलण्याचं वजन वाढत नाही.

काळाचे तपशील

विश्वास इथंच तुटतो. १९९० मधल्या कथेत सरकारी पाटीवर ‘बेळगावी’ लिहू नका. ते अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. आजच्या कथेत राज्याच्या साध्या बसमध्ये इथलीच बाई तिकिटाचे पैसे मोजताना दाखवली तर चुकलं. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना शून्य रकमेचं तिकीट मिळतं. ओळखपत्र काढताना तिची पिशवी सांडली, तर तिथूनच कथा सुरू होऊ शकते.

सुरुवात, शेवट आणि मधला आळस

पाऊस, पहाट, गावाचं वर्णन अशी सुरुवात झाली असेल तर पहिला परिच्छेद झाकून वाचा. बहुतेक वेळा कथा दुसऱ्यापासूनच सुरू झालेली असते. शेवटही तसाच: शेवटचं वाक्य खोडून बघा. मृत्यू, स्वप्न आणि पश्चात्तापाचं पत्र हे तीन शेवट पहिल्या पाच कथांत वापरायचेच नाहीत.

दिवाळी अंकाचं आवाहन आलं की आठ दिवसांत कथा पाडायची, हा सराव नव्हे. रोज ३०० शब्द, म्हणजे साधारण एक फुलस्केप पान, लिहा. त्यात एकच प्रसंग, एकच जागा. खर्डा पुरा झाला की पंधरा दिवस बंद ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य तोडा. ३,००० शब्दांच्या कथेतून ३००–४०० शब्द सहज निघतात.

पाठवताना फाईल युनिकोडमध्येच टाईप केलेली असू द्या. जुन्या फॉन्टमधली फाईल संपादकाच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो आणि कथा न वाचताच बाजूला पडते. सोबत पीडीएफ जोडा. शब्दमर्यादा आधी विचारा आणि एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका.