दोन पंखांचं विमान बांधताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीत माझं टायगर मॉथ, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या जुन्या विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल, सासवडकडच्या माळावर जेमतेम दोन मजले चढलं, नाक वर करून थबकलं आणि डाव्या पंखावर कलंडलं. मोटर, रेडिओ, बॅटरी ठणठणीत. चुका झाल्या होत्या पावसाळ्यात, कोथरूडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

पहिली चूक सीजीची, म्हणजे विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूची, आणि तीच सर्वांत महाग पडली. एका पंखाच्या विमानात पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागाच्या थोडं मागे खूण केली की झालं. बायप्लेनमध्ये, म्हणजे अशा दोन पंखांच्या विमानात, वरचा पंख बहुतेक वेळा खालच्याच्या पुढे असतो, त्यामुळे कुठल्याही एका पंखावरून मोजलं की गणित फसतं. माझं मॉडेल एकास सहा प्रमाणात, म्हणजे विस्तार सुमारे १४९ सेंटिमीटर. पंखाची रुंदी २२० मिलिमीटर आणि वरचा पंख ८० मिलिमीटर पुढे. दोन्ही पुढच्या कडांची सरासरी धरली तर ती वरच्या कडेच्या ४० मिलिमीटर मागे येते. त्यात २२०चे २७ टक्के, म्हणजे साधारण ६०, मिळवले की सीजी वरच्या कडेपासून १०० मिलिमीटरवर. मी शहाण्याने फक्त खालच्या पंखावरून ६० मोजले. म्हणजे सीजी चार सेंटिमीटर मागे! टायगर मॉथचे पंख मागे वळलेले असतात, म्हणून हे माप मुळाशी न घेता अर्ध्या पंखाच्या मधोमध घ्यायचं.

मग नाकात शिसं भरायची वेळ येते, कारण शेपूट जड झालेली असते. माझ्या विमानात शेपटीकडच्या दहा ग्रॅमला नाकात सुमारे सत्तावीस ग्रॅम लागले. त्यामुळे बाल्साच्या, म्हणजे मॉडेलसाठीच्या हलक्या लाकडाच्या, फळ्या आणल्या की स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायच्या. एकाच मापाच्या दोन फळ्यांत सहज दीडपट फरक निघतो. हलकी शेपटीला, कडक आणि जड पुढे. शेपटीत इपॉक्सी गोंद ओतू नका, रंगाचा दुसरा हातही तिथे नको. शक्य असेल तर बॅटरी अगदी नाकाशी बसवा, तेवढं शिसं वाचतं.

पुण्याचा जुलै बाल्साला सोसत नाही. लाकूड दमट असताना पंख झाकायची प्लास्टिकची फिल्म ताणून बसवली की ऑक्टोबरच्या उन्हात तीच फिल्म ढिली पडते, सुरकुततेसुद्धा. त्याहून वाईट म्हणजे पंखाची एकच बाजू झाकून दुसरी उद्यावर ढकलणं. सकाळी पंख पीळ खाऊन बसलेला असतो. दोन्ही बाजू एका बैठकीत करा. पीळ आलाच तर पंख उलट्या दिशेने हलकासा पिळून धरा, वरून हीट गन फिरवा आणि गार होईपर्यंत सोडू नका.

विमान एका बाजूला कलतं म्हणून ट्रिम, म्हणजे रिमोटवरून कायमची छोटी दुरुस्ती, देऊन गप्प बसणारे बरेच आहेत. ट्रिम कलणं झाकतो, पंखातला पीळ तसाच राहतो. मग उतरताना वेग कमी झाला की तोच पंख आधी दगा देतो. दोन पंखांमधले स्ट्रट (खांब), तारा सगळं चढवल्यावर डावा-उजवा कोन मोबाईलच्या लेव्हल ॲपने मोजा. एका बाजूची तार जास्त आवळली तर सरळ पंखही वाकडा होतो. त्यातून तारा ओढल्यावर टणटण वाजायला हव्यात, असा काहींचा समज का असतो, देव जाणे.

टायगर मॉथला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, फक्त खालच्या पंखांना असतात. डावीकडे वळताना खाली गेलेला उजवा एलेरॉन तो पंख मागे ओढतो आणि नाक उजवीकडे जातं. म्हणून एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जायला हवा. माझ्याकडे वर २० मिलिमीटर आणि खाली ८ आहे. शिवाय वळणात रडर (शेपटीचा उभा हलता भाग) द्यायची सवय लावून घ्या.

उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल एकदम उघडलं की विमान डावीकडे घसरतं. हळूहळू उघडा, उजवा रडर तयार ठेवा. उतरताना याच्या उलट चूक होते. थ्रॉटल पूर्ण बंद केलं की दोन पंख, स्ट्रट आणि तारांची ओढ विमानाला दगडासारखी खाली आणते. चाकं टेकेपर्यंत थोडी मोटर चालू असू द्या. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ, त्यामुळे उतरण्याचा वेग किंचित जास्तच लागतो. एप्रिलच्या दुपारी तर आणखी.

उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघा. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे शहरातली मोकळी जागा दिसली म्हणून उडवायचं नाही.

आणि शेवटची तपासणी विमानाच्या मागे उभं राहून करा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. दुरुस्तीनंतर माझा खाली जात होता. सर्व्हो (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर) बदलताना दिशा उलटी झाली होती, ती यावेळी माळावरच, चाकं जमिनीवर असताना सापडली.